फक्त आकाशवाणी

फ्रान्सिस गाल्टन नावाच्या इंग्रज गृहस्थाला कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय करमत नसे. खिशात कागद आणि टोचणी लपवून तो हिंडे आणि समोरून येणाऱ्या बायकांची सुंदर, साधारण, कुरूप अशी वर्गवारी करत गुपचूप कागदाला भोकं पाडी. या भोकांवरून ब्रिटनचा सौंदर्यनकाशा काढायचा त्याचा बेत होता. त्यात लंडन पहिलं आलं आणि ॲबर्डीन शेवटी. ॲबर्डीनच्या बायकांनी त्याला किती गुण दिले असते, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. म्हातारपणी त्याने गोल केक कसा कापावा म्हणजे उरलेला वाळत नाही, यावर ‘नेचर’सारख्या भारदस्त नियतकालिकात लिहिलं. आपल्याकडे असता तर कुठल्यातरी सोसायटीचा तहहयात सेक्रेटरी झाला असता आणि पाण्याच्या टाकीची रोजची पातळी फळ्यावर लिहीत बसला असता.

या माणसाने शंभर पुरुषांना एक प्रश्नपत्रिका पाठवली आणि १८८० साली उत्तरांचा हिशेब छापला. शंभरातले निम्मे तरी विज्ञानात नाव कमावलेले. प्रश्न इतका साधा की त्यासाठी पोस्टाचा खर्च करावा असं दुसऱ्या कुणाला वाटलं नसतं. आज सकाळी ज्या टेबलाशी न्याहारीला बसलात ते आठवा. मनात जे चित्र उभं राहतं ते उजळ आहे की अंधूक? सगळ्या वस्तू एकाच वेळी स्पष्ट दिसतात का? बश्या, पाव, मोहरीची चटणी यांचे रंग खरे वाटतात का?

चार्ल्स डार्विननेही उत्तर पाठवलं. डार्विन हा गाल्टनच्या सावत्र मामाचा मुलगा. इंग्रजीत ‘कझिन’ म्हणून भागतं, आपल्याला खुलासा लागतो. थंड गोमांसाचा तुकडा, थोडी द्राक्षं, एक पेअर आणि खाऊन झाल्यावरची आपली ताटली, एवढं तरी फोटो समोर धरावा तसं दिसतं, असं त्याने कळवलं. माणसाच्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्याला स्वतःचं खरकटं ताट लख्ख आठवावं, हे मला आवडलं.

बाकीच्या अनेक शास्त्रज्ञांनी मात्र गाल्टनलाच वेड्यात काढलं. मनात चित्र दिसतं ही बोलायची रीत झाली, तुम्ही ती खरी धरून चाललात की काय, असा त्यांचा सूर होता. इकडे शास्त्रज्ञांच्या वर्तुळाबाहेर चौकशी केली, तर बायका, मुलगे, मुली म्हणू लागल्या, दिसतं की, रंगीत दिसतं, यात विचारण्यासारखं काय आहे? दोन्ही बाजूंना एकमेकांची कीव आली. भारी भारी अमूर्त विचार करून शास्त्रज्ञांची चित्रं पुसट झाली असावीत, असा अंदाज गाल्टनने बांधला. तो अलीकडच्या फेरतपासणीत टिकला नाही. (याच गृहस्थाने पुढे माणसांची पैदास निवडून करावी अशी विद्या काढली आणि तिला नावही दिलं. त्या विद्येने विसाव्या शतकात जे केलं त्यावर विनोदी लेख लिहिता येत नाही.)

मी शास्त्रज्ञ नाही. डोंबिवलीत राहणारी, बँकेतून निवृत्त झालेली बाई आहे. पण गाल्टनचा कागद माझ्या हाती आला असता, तर मी त्या वैतागलेल्या मंडळींच्याच बाकावर बसले असते. आज सकाळी आमच्याकडे पोहे होते. पोह्यांवर खोबरं होतं, कोथिंबीर नव्हती, कारण जुडीचा भाव ऐकून मी भाजीवाल्याकडे नुसती बघून आले. यांनी दोनदा घेतले. सासूबाईंनी लिंबू मागितलं आणि पिळलं नाही. सगळी माहिती जय्यत तयार आहे. चित्र मात्र नाही. डोळे मिटले की पापण्यांची आतली बाजू, तीही वीज गेल्यावर खोली दिसते तेवढीच. आवाजाचं म्हणाल तर विचारू नका. ‘पोहे संपवा, कढई घासायला टाकायची आहे’ हे माझ्या तोंडून बाहेर पडायच्या आधी आत वाजून गेलेलं असतं आणि नंतरही वाजत राहतं. थोडक्यात, माझ्या डोक्यात आकाशवाणी आहे, दूरदर्शन नाही.

या दूरदर्शन नसण्याला नाव मिळायला २०१५ साल उजाडावं लागलं. त्याच्या काही वर्षं आधी एडिंबरामध्ये पासष्ट वर्षांचा एक निवृत्त सर्व्हेयर डॉक्टरांकडे आला. हृदयाच्या रक्तवाहिनीवर उपचार झाले आणि त्यानंतर मनातली चित्रं दिसेनाशी झाली, ही त्याची तक्रार. ॲडम झीमन या मेंदूविकारतज्ज्ञाने त्याला तपासलं. गवताचा हिरवा जास्त गडद की पाईनच्या झाडाचा, असलं काही विचारलं की हा गडी बरोबर सांगे. दिसतं का म्हटलं, तर नाही. मग कळलं कसं? माहीत आहे, एवढंच. २०१० मध्ये ही हकीकत छापून आली आणि एकवीस जणांनी झीमन यांना कळवलं की आमचंही असंच आहे, फक्त आमचं काही गेलेलं नाही, आमच्याकडे मुळातच नव्हतं. तेव्हा झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲरिस्टॉटलचा शब्द उसना घेऊन ‘अफँटेझिया’ हे नाव ठेवलं. नाव पडायचा अवकाश, हजारोंनी पत्रं आली.

अजिबात चित्र न दिसणारे शंभरात साधारण एक आणि अगदी पुसट दिसणारे धरले तर चार, असा अंदाज आहे. दुसऱ्या टोकाला, ज्यांना खऱ्यासारखंच लखलखीत दिसतं असे तीनेक. सकाळच्या बारा डब्यांच्या लोकलमध्ये चार-पाच हजार माणसं कोंबलेली असतात. म्हणजे त्यातल्या चाळीस-पन्नास जणांना डोळे मिटून आपलं घर दिसत नाही. बाकीच्यांना दिसतं, म्हणून तर ते उभ्या उभ्या हसत असतात. मी इतकी वर्षं त्यांना झोप लागली असं समजत होते.

एवढी मोठी गोष्ट इतकी वर्षं कळली कशी नाही, असं लोक विचारतात. कळणार कुठून? शाळेत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधात मी काळेभोर ढग दाटवत असे, मोरांना पिसारे फुलवायला लावत असे आणि शेवटी न चुकता इंद्रधनुष्य काढत असे. बाईंनी मला त्याबद्दल चांगले गुण दिले आणि वही वर्गात फिरवली. त्यातला एकही ढग मला दिसलेला नव्हता. आधीच्या वर्षाच्या वहीतून यंदाची वही उतरते, ढगांतून ढग निघतात; परीक्षकाला ढग मिळाल्याशी कारण. आत काय चाललं आहे हे तपासायला इन्स्पेक्टर येत नाही, म्हणून प्रत्येकजण आपल्या आतली व्यवस्था सरकारमान्य समजून चालतो आणि दुसऱ्याची वेगळी निघाली की तो मुद्दाम करतोय असं धरतो. आमच्या घरातली निम्मी भांडणं याच खात्यातली आहेत, हे मला आता आता कळायला लागलं आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाईंचंच घ्या. त्यांना मी वहिनी म्हणते. वहिनी मॅचिंग सेंटरमध्ये रिकाम्या हाताने जातात. समोर ताग्यांची छताला टेकलेली भिंत. ‘डाळिंबी दाखवा.’ दुकानदार खालून वरून डाळिंबी काढतो. आमच्यासारख्यांना ते सगळे एकाच डाळिंबातले दाणे वाटतात. वहिनी एकेकावर फुली मारत जातात. हा विटकरीकडे झुकतोय. हा आमसुलीला जवळचा. हा बरा आहे, पण यात तेज नाही. ‘तो कोपऱ्यातला काढा, वांगी कलरच्या खालचा.’ तो ब्लाउजपीस घरी येऊन साडीला लावला की काठाचा सख्खा भाऊ. दुकानदारसुद्धा वहिनींना ‘या बसा’ म्हणतो. मी साडीच पिशवीत घालून नेते, काउंटरवर पदर पसरते, मग तागा आणि पदर दोन्ही घेऊन दाराशी उजेडात जाते आणि तिथे जाणाऱ्या-येणाऱ्या बायकांचा सल्ला घेते.

“अगं, अख्खी साडी कशाला वाहून आणलीस?” वहिनी म्हणतात. “आठवायची ना.”

“वहिनी, मला रंग आठवतो. दिसत नाही.”

“म्हणजे काय? आठवतो म्हणजेच दिसतो.”

इथे आमचं संभाषण नेहमी थांबतं. वहिनींना नणंदेच्या लग्नात कोणत्या मामीने कोणती साडी नेसली होती, तिच्या पदरावर मोर कुठल्या बाजूला बघत होते आणि तीच साडी पुढे मुंजीला कोणत्या मावशीच्या अंगावर निघाली, हे सगळं दिसतं. हा पुरावा त्या अधूनमधून बाहेर काढतात. आमच्या नात्यागोत्यात साडी उसनी देणं-घेणं त्यामुळे जवळजवळ बंद पडलं आहे.

यांनाही दिसतं. फक्त वहिनींना जे असतं ते दिसतं, यांना नसतं तेही दिसतं. “अहो, रव्याचा डबा काढून द्या,” मी बाहेरच्या खोलीतून सांगते. हे कपाटापुढे उभे राहतात आणि मनातल्या कपाटात बघायला लागतात. त्या कपाटात पिवळ्या झाकणाचा उभट डबा आहे, खिडकीच्या बाजूला. तो डबा आम्ही केव्हाच मोडीत काढला. पण यांच्या आत तो अजून कामावर आहे. खऱ्या कपाटात पिवळं झाकण सापडत नाही, म्हणून रवा नाही असा निकाल लागतो.

“डबा नाहीये इथे.”

“दुसरा कप्पा, डावीकडे, साबुदाण्याच्या मागे. निळं झाकण.”

“हो, आहे. पण हा नव्हताच.”

मला कपाट दिसत नाही, पण कपाट कळतं. कुठे, कितव्या, कशाच्या मागे, हे सगळं पाठ. शिकागोच्या विल्मा बेनब्रिज यांनी सहकाऱ्यांबरोबर यावरच एक छान प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये छापून आले. लोकांना खोल्यांचे फोटो दाखवले आणि नंतर आठवून काढायला सांगितले. ज्यांना मनात चित्र दिसत नाही त्यांनी वस्तू कमी काढल्या, रंग कमी वापरले, कुठे कुठे चित्राऐवजी शब्दच लिहून मोकळे झाले. पण जी वस्तू काढली ती जागच्या जागी आणि बेताच्या आकाराची. फोटोत नव्हत्याच अशा वस्तू जास्त करून कुणी काढल्या? ज्यांना चांगलं दिसतं त्यांनी. हा निष्कर्ष मी यांना वाचून दाखवला. शिकागोची कपाटं वेगळी असतात, असं उत्तर मिळालं.

आता आमच्या संसारातला सर्वात जुना वाद. संध्याकाळी हे गॅलरीत बसतात, समोर बघत. मी चहा घेऊन जाते आणि विचारते, “कसला विचार करताय?”

“कसलाच नाही.”

कसलाच नाही! माझ्या डोक्यात त्या क्षणी दुधाचा हिशेब, मुलीने फोनवर वापरलेला एक शब्द, त्यावर मी दिलेलं उत्तर, द्यायला हवं होतं ते उत्तर आणि या सगळ्याच्या मागे एका साबणाच्या जाहिरातीची चाल असं पंचखाद्य चालू असतं. मग शेजारी बसलेल्या, शिकल्यासवरलेल्या, पेन्शन घेणाऱ्या माणसाच्या डोक्यात काहीच नाही यावर विश्वास कसा ठेवायचा? काहीतरी लपवतायत, असाच मी कित्येक वर्षं अर्थ लावला.

अमेरिकेत लास व्हेगासला रसेल हर्लबर्ट नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. ज्या गावात लोक पैसे घालवायला जातात, त्या गावात बसून त्यांनी लोकांच्या डोक्यात काय चाललं आहे याचा मागोवा घेतला. त्यांची पद्धत सोपी आहे. माणसाजवळ एक यंत्र द्यायचं, ते दिवसात केव्हाही अवचित बीप करतं, आणि बीपच्या अगदी आधीच्या क्षणी मनात जे होतं ते लिहून ठेवायचं. मी दिवसभर मनात बोलतच असतो, असं छातीठोक सांगणाऱ्या कित्येकांच्या वहीत बोलणं फारसं निघालंच नाही. काहींच्या वहीत आवाज, काहींच्या चित्रं, काहींच्या नुसत्या भावना. आणि काही वेळा तर विचार आहे, स्पष्ट आहे, पण त्याला शब्दही नाहीत आणि चित्रही नाही. म्हणजे ‘कसलाच नाही’ या उत्तराला शास्त्रीय आधार मिळण्याची शक्यता आहे. हे मी यांना अजून सांगितलेलं नाही.

ज्यांच्या आत बोलणं फार कमी असतं अशांचा २०२४ साली योहाने नेडरगार्ड आणि गॅरी ल्युपियन या दोघांनी अभ्यास प्रसिद्ध केला. अशा लोकांना शब्दांची यादी लक्षात ठेवणं आणि दोन शब्दांचं यमक जुळतं की नाही हे मनातल्या मनात ओळखणं जड गेलं. ते वाचताना मला आमच्या लग्नातली पंगत आठवली. नाव घ्या, नाव घ्या म्हणून बायकांनी यांना घेरलं होतं. करवल्यांनी ‘चांदीच्या ताटात’पर्यंत आणून सोडलं. हे ताटाकडे बघत राहिले. ताट दिसत होतं, हे आता मला पटतं, अगदी नक्षीसकट दिसत असणार. पण ताटाशी जुळणारं काही आतून ऐकू येईना. शेवटी यांनी माझं नाव घेतलं, नुसतं नाव, आडनावासकट. माझ्या मावशीने तेव्हा ‘मुलगा सरळ आहे’ असा निष्कर्ष काढला.

सासूबाईंचा प्रांत वेगळा. त्या चित्रांतही रमत नाहीत आणि आवाजांतही. त्यांचं सगळं नाका-जिभेत आहे. नैवेद्याचा स्वयंपाक चाखून बघायचा नाही, असा आपल्याकडे दंडक. देवाच्या आधी चमचा तोंडात गेला की सगळं उष्टं. गणपतीत आमच्या घरी पंचवीस-तीस पानं असतात. आमटी, अळूचं फदफदं, दोन भाज्या, चटणी, कोशिंबीर, वरण, सगळ्यांत मीठ पडायचं आणि थेंब जिभेवर टेकवायचा नाही. मी असते तर देवाला अळणी किंवा खारट यापैकी एक निवडायला लावलं असतं. सासूबाई पातेल्यावर वाकतात, वाफ घेतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, “चिमूटभर कमी आहे.” वाफेला मिठाचा वास नसतो, हे मी त्यांना एकदा विज्ञानाच्या आधारे समजावून सांगितलं. “वास कोण घेतंय? मी खाऊन बघितली,” त्या म्हणाल्या. कुठे खाल्ली? आत. पेपरातली पाककृतीसुद्धा त्या वाचता वाचता जेवतात. “यात गूळ जास्त होणार,” असं म्हणून पान उलटतात. मानसशास्त्राने चित्रांवर जेवढा कागद खर्ची घातला त्याच्या पासंगालाही मनातल्या चवीवर घातलेला नाही. गाल्टनच्या प्रश्नपत्रिकेत चवीचा आणि वासाचाही प्रश्न होता, पण पुढे सगळे टेबलाच्या चित्रापाशीच अडकले. मला तर वाटतं, हे शास्त्र मराठी सासवांच्या हातात असतं तर आमटीपासून सुरू झालं असतं आणि टेबलाचं कुणी नावही काढलं नसतं.

मुलीचं थोडक्यात सांगते, कारण ती हे वाचणार आहे. तिला वारांना रंग आहेत. लहानपणापासून, न शिकवता, आणि कधीही न बदलणारे. असे लोक बरेच असतात. आकड्यांना मनात ठरावीक जागा असलेल्या माणसांच्या नोंदी गाल्टननेच, त्याच १८८० साली, छापल्या होत्या. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना समीकरणांतली अक्षरं रंगीत दिसत. आमच्या मुलीची अडचण एवढीच, की ती महाराष्ट्रात जन्मली. नवरात्र आलं की ऑफिस, बँक, लोकलचा लेडीज डबा सगळे वारावारी ठरलेल्या रंगात रंगतात. सोमवारी पांढरा! “आई, सोमवार तपकिरी असतो गं. हे लोक असं कसं करू शकतात?” ती कळवळून म्हणते. सोमवारच्या डब्यातल्या पांढऱ्याशुभ्र बायकांत तपकिरी कुर्ता घालून उभी राहते आणि सगळ्या तिला विचारतात, तुला कळलं नाही का आज काय आहे ते. तिलाच तर कळलेलं असतं.

एका रविवारी सगळे जमले असताना मी घरात परीक्षा घेतली. डेव्हिड मार्क्स यांनी १९७३ मध्ये सोळा प्रश्नांची एक प्रश्नावली केली होती, ती अजून जगभर वापरतात. नेहमी भेटणारं एखादं माणूस डोळ्यांपुढे आणा, चेहरा, चालण्याची ढब, ओळखीच्या कपड्यांचे रंग. उगवता सूर्य आणा. नेहमीचं दुकान आणा. डोंगर, झाडं, तळं आणा. काहीच दिसलं नाही तर एक, प्रत्यक्ष बघितल्याइतकं दिसलं तर पाच.

वहिनींनी सगळीकडे पाच टाकले आणि सहा नाही का म्हणून विचारलं. यांनी नेहमी भेटणारं माणूस म्हणून मला आणलं, हे मी कौतुकाने ऐकलं. कपड्यांचा रंग हिरवा, बारीक बुट्टीची साडी, असं त्यांनी तपशिलात सांगितलं. बारीक बुट्टीची हिरवी साडी माझ्याकडे नाही, कधीही नव्हती. वहिनींनी तत्काळ ती कुणाची हे ओळखलं आणि मोठ्या मनाने नाव सांगितलं नाही. सासूबाईंनी सूर्याला एक दिला. सूर्य कशाला आणायचा, तो रोज येतो, असं त्यांचं म्हणणं. मला सोळा प्रश्नांत सोळा मिळाले, म्हणजे प्रत्येकी एक.

निकाल लागल्यावर वेगळंच झालं. अर्ध्या तासात तो घराण्याचा प्रश्न झाला. “आमच्या माहेरी सगळ्यांना दिसतं,” वहिनी म्हणाल्या. माझ्या माहेरच्यांना काही दिसत नसावं असा पुढचा अर्थ कुणी बोललं नाही, पण हवेत होता. मग मीही गप्प बसले नाही. पिक्सार या ॲनिमेशन कंपनीचे एक संस्थापक एड कॅटमल यांना मनात चित्र दिसत नाही. तिबेटी ध्यान शिकताना गोळा डोळ्यांपुढे आणायला सांगितला, तो येईना, तेव्हा त्यांना हे उमगलं. ‘लिटल मर्मेड’ची नायिका ज्यांच्या हातून उतरली त्या ग्लेन कीन यांनाही दिसत नाही. ते कागदावर रेघा मारत जातात आणि चित्र तिथे सापडतं. कॅटमल यांनी मग आपल्या पाचशेचाळीस सहकाऱ्यांना प्रश्न विचारले, तर चित्रकारांपेक्षा निर्मितीचं व्यवस्थापन बघणाऱ्या मॅनेजर लोकांना जास्त स्पष्ट दिसत होतं.

“म्हणजे तू चित्रकार आहेस?” यांनी विचारलं.

“नाही, पण तुम्हीही मॅनेजर झाला नाहीत.”

दिसत नसण्याचे फायदे असतात, हेही सांगून ठेवते. नारायण धारपांच्या भयकथा मी रात्री साडेअकराला संपवते, दिवा मालवते आणि दुसऱ्या मिनिटाला घोरते (ही माहिती यांच्याकडून). हे त्याच पुस्तकातली वीस पानं दुपारी उन्हात बसून वाचतात आणि रात्री पाणी प्यायला उठताना मला उठवतात. सिडनीच्या जोएल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत नेमकं हेच मोजलं. अंधारात भीतीदायक गोष्टी वाचायला दिल्या आणि कातडीला फुटणारा सूक्ष्म घाम यंत्राने टिपला. चित्र दिसणाऱ्यांचा आलेख चढत गेला, न दिसणाऱ्यांचा आडवाच पडून राहिला. खरे भीतीदायक फोटो दाखवले तेव्हा मात्र दोघंही सारखेच घाबरले. म्हणजे आम्ही शूर नाही. भूत समोर आलं तर आम्हीही ओरडणार. फक्त ते येईपर्यंत आमची झोप मोडत नाही.

याच प्रयोगशाळेने २०२२ मध्ये आणखी एक युक्ती काढली आणि ती मला फार उपयोगी वाटते. लख्ख उजेडाकडे बघितलं की बुबुळातली बाहुली आकसते. तर नुसता पांढराशुभ्र आकार मनात आणला तरी, ज्याला तो खरंच दिसतो त्याची बाहुली जराशी आकसते. आमच्यासारख्यांची ढिम्म हलत नाही. म्हणजे उद्या कुणी मला दिसतं, मला दिसतं म्हणून फार मिरवायला लागलं तर टॉर्च आणि भिंग घेऊन शहानिशा करता येईल. वहिनींना मी हे सुचवलं. त्यांनी चष्मा काढायला नकार दिला.

परवा वहिनींच्या मुलाच्या साखरपुड्यासाठी डेकोरेटर आला. हॉल रिकामा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या, त्याच्या हातात मोबाइल. तो स्टेजच्या जागेकडे हात करून म्हणाला, “डोळ्यांसमोर आणा. मागे पडदा, वरून फुलांच्या माळा, मध्ये झोपाळा. थ्रीडी चित्र पाहिजे असेल तर तेही काढून देतो, त्याचे वेगळे तीन हजार.”

“कशाला तीन हजार?” हे म्हणाले. “मला अख्खं दिसतंय. पांढऱ्या पडद्यावर झेंडू काय उठून दिसतोय!”

“पांढरा कुठला, भाऊजी?” वहिनी म्हणाल्या. “अबोली आहे. आणि झेंडू नाहीये, शेवंती आहे.”

“साधा झेंडू आहे, वहिनी. डावीकडच्या माळेत तर चांगला हातभर लोंबतोय.”

“डावीकडे समई आहे.”

डेकोरेटर पडदा म्हणाला होता. त्याला रंग दिलेला नव्हता. सासूबाईंनी नाक वर करून, “या कापडाला जेवणाचा वास धरून राहील, सुती घ्या,” असं सांगितलं. मुलगी म्हणाली, कार्यक्रम शनिवारी आहे आणि शनिवारी अबोली मला सहन होणार नाही. डेकोरेटर या सगळ्यांकडे आणि रिकाम्या स्टेजकडे आलटून पालटून बघत होता. मग त्याने माझ्याकडे मोर्चा वळवला, कारण एवढ्या वेळात मी एकटीच काही बोलले नव्हते.

“मॅडम, तुम्ही सांगा. तुम्हाला काय दिसतंय?”

“मला अजून तुमचं कोटेशन दिसलेलं नाही,” मी म्हटलं.